तान्ह्या पोळ्याला बारा स्टार

आमच्या पोरीच्या शाळेत शिक्षा नाही. हे सांगताना तिच्या वर्गाच्या मॅडमचा चेहरा असा फुलतो, की समोरच्यानं टाळ्याच वाजवाव्यात. पहिल्या वर्षी मीही वाजवल्या. मी शिकले अकोल्यात. आमच्या गुरुजींची छडी खिडकीत उन्हाला वाळत ठेवलेली असायची. उजवा हात लिहायला लागतो म्हणून गुरुजी डावा पुढे करायला सांगायचे, एवढीच त्यांची दया. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. त्यामुळे अमरावतीत शिक्षा नसलेली शाळा सापडली, तेव्हा मी दारातच पाया पडायची बाकी होते.

इथे छडीच्या जागी भिंतीवर तक्ता आहे. गृहपाठ केला, नावापुढे सोनेरी स्टार. नखं कापली, स्टार. वर्गात बोलताना सापडलं, की एक स्टार मॅडम नखानं खरवडून काढतात. सगळ्यांसमोर, अगदी सावकाश.

पोरगी चौथीत. तोंड आईचं घेतलेलं, म्हणजे दिवसभर चालू. शेजारणीचं गणित अडलं, की हिला सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑगस्टपर्यंत नऊ स्टार उरले, आणि तेव्हाच सूचना आली: शाळेत तान्हा पोळा होणार, बारा स्टार असलेल्यांनीच नंदी आणावा.

तान्हा पोळा हो! मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचे नंदी सजवून तोरणाखाली उभे करतात, मग घरोघर फिरतात. नंदीचं शिंग मोडकं असो की चाक वाकडं, दारात आलेल्या लेकराला रिकाम्या हातानं धाडायचं नाही. वऱ्हाडातला कंजूसातला कंजूस माणूसही त्या दिवशी खिशात हात घालतो. आणि या बाईंनी त्याला पात्रता लावली!

पोरगी महिनाभर नंदी रंगवत होती. एक डोळा मोठा, एक बारीक. सूचना वाचून तिनं तो पलंगाखाली सरकवला. "राहू दे वं आई," म्हणाली, "मी बोलतेच लय."

माझं डोकं फिरलं. तशीच शाळेत गेले. रागात माझी वऱ्हाडी सुटते.

"मॅडम, लेकराईले कायची शिक्षा देऊन राहिल्या तुमी?"

"ताई, ही शिक्षा नाही हो. फक्त बक्षीस नाही."

"जेवाले बसलेल्या लेकरापुढचं ताट उचललं, तर त्याले उपास म्हनाचा काय?"

"मुलांना चांगली सवय लागते."

"कायची? शेजारनीले गनित न सांगाची?"

व्हरांड्यात दोन पालक कान लावून उभे होते. आवाज मी त्यांच्या सोयीनंच ठेवला होता. शेवटी मॅडमनी ड्रॉवर उघडला, तीन स्टार काढले आणि तक्त्यावर चिकटवले. "घ्या, झाले बारा. आता तरी हसा."

मी हसले. लिहिताना लाज वाटते, पण हसले. आमच्या पोरीसारखी आणखी सहा पोरं त्या वर्गात होती. त्यांची आठवण मला स्कूटीला किल्ली लावतानाही झाली नाही.

पोळ्याच्या कार्यक्रमाला पालकांनाही बोलावलं होतं. मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण, खाली रांगेनं नंदी. भिंतीलगतच्या बाकावर ती सहा पोरं, टाळ्या वाजवायला बसवलेली. आणि त्यांच्या शेवटी आमची, नंदी मांडीवर घेऊन.

मॅडम धावत गेल्या. मागोमाग मी.

"अगं, तू इथे कशी? तुझे बारा स्टार झालेत ना?"

"नऊच हायेत."

"तक्त्यावर बारा आहेत. मीच लावलेत."

"तीन आईचे हायेत," पोरगी म्हणाली. "आई भांडली ना, तिले भेटले."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी तोरणाकडे पाहिलं. कुठल्याही छडीनं माझा तळहात इतका चुरचुरला नव्हता.

तेवढ्यात माइकवर पहिलं बक्षीस जाहीर झालं. बाकावरच्या सहा जणांनी शिकवल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या. आमचीचे हात नंदीच्या पाठीवरच.

शेजारची कुजबुजली, "वाजव ना वं, नाही तर आठ होतीन तुहे."

"होऊ दे," पोरगी म्हणाली, चांगल्या मोठ्यानं.