हाताला बसलेली करवत

शेजारचे सुतारमामा वारले, तेव्हा मामींनी त्यांची करवत मला दिली. मी नवशिका. रोज दुपारी फळीवर गुण्या ठेवून सरळ रेघ मारतो, अंगठ्याचा आधार देऊन कापायला सुरुवात करतो. चार बोटं अंतर कापून झालं की करवत रेघ सोडून डावीकडे वळते. दर वेळी तिथेच. मूठ सैल धरून पाहिली, श्वाससुद्धा रोखून पाहिला. कुठे जायचं ते तिला ठाऊक असावं, अशी ती जाते.

परवा तो तुकडा मामींना दाखवला. तिरक्या कडेवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "ह्यांचा डावा खांदा उतरला होता ना. ती तशाच हाताला सवकलीय."

हत्यार हाताला बसतं, असं आपण म्हणतो. हात हत्याराला बसला तर काय म्हणायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

आज फळी रेघेवर अगदी सरळ कापली गेली. दोन्ही तुकड्यांच्या कडा जुळवून पाहिल्या, फट नव्हती. खुशीत मान वर केली, तर समोरच्या खिडकीच्या काचेत मी दिसलो. माझा डावा खांदा उतरलेला होता.