पामच्या बाह्या

आमच्या शेजारचे माळीबुवा माणसाचं तोंड शेवटी बघतात. आधी नखं, केस, कानाच्या पाळ्या. होणाऱ्या जावयाला पहिल्याच भेटीत म्हणाले, "कोवळेपणीच पिवळे पडलात? लोह कमी." लग्न झालं, ही लेकीची जिद्द.

एका सकाळी त्यांनी माझ्या शिलाई मशीनवर मापांचा कागद ठेवला. "वहिनी, सात बाह्या शिवा. हिरव्या."

"कुणाच्या?"

"पामच्या."

मी तोंडातली टाचणी आधी काढली. हसताना गिळलीच असती.

झालं होतं असं, की त्यांच्या कचेरीच्या दालनात त्यांनी एकोणीस वर्षं वाढवलेला पाम आहे. त्याच्या तळाच्या सात पानांवर नारिंगी ठिपके आले, शेंडे करपले. मोठे साहेब परवा येणार, म्हणून मॅनेजरचं फर्मान: पिवळं पान दिसलं तर पाम बाहेर, माळीही बाहेर.

"मग कापा की ती पानं!"

थोरल्या भावाचे पाय कापायला सांगितल्यासारखं बघितलं त्यांनी माझ्याकडे. "पोटॅश कमी पडलंय, वहिनी. म्हातारी पानं आपल्यातलं काढून कोवळ्यांना देतायत. ती कापली, तर झाड वरच्या हिरव्यांना सोलणार. खत घातलंय, पण पाम म्हणजे तुमच्यासारखा. दिवाळं निघेल पण घाई नाही."

टोमणा गिळून शिवल्या. काखेत जरा ढिल्या ठेवल्या, हाताची सवय!

मोठे साहेब पामसमोर थांबले. मॅनेजरची पाचावर धारण बसली. साहेबांनी बाही चाचपली. "वा! सगळ्याच झाडांना शिवा."

माळीबुवा रडकुंडीला आले. "उजेड अडला तर धडधाकट पानंही पिवळी पडतील हो! मग ती झाकायला आणखी बाह्या!"

"बाह्या सांगितल्यात, कापड कुठे सांगितलंय?" मी जुना जाळीचा पडदा फाडला, पामच्या बाह्याही जाळीच्याच केल्या. झाडांना उजेड, साहेबांना फॅशन. आजारी पामचे ठिपके मात्र जाळीतून दिसू लागले. मॅनेजरने घाबरत फोटो पाठवला, तर साहेबांचं उत्तर आलं: "भरतकाम अप्रतिम!" पाम राहिला, माळीही राहिला.

वर्षाने ती सात पानं आपणहून वाळून गळली. खत लागू पडलं होतं. त्यांच्या वरची पानं स्वच्छ हिरवी. त्याच दुपारी माळीबुवा पडलेल्या चेहऱ्याने दारात.

"आता काय?"

"मॅनेजर विचारतोय, ठिपके कुठे गेले. वहिनी, नारिंगी दोरा आहे का हो?"