अप्पांचं बुजगावणं

कारखान्यातल्या साहेबांनी अडगळीत टाकलेला होम कॉम्प्युटर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, अंबडहून घरी आणला तेव्हा मी कॉलेजात होते. नुसता कीबोर्डच तो. पडदा म्हणून आमचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. रोज संध्याकाळी अप्पा त्यावर आकडे टाकत बसायचे आणि माझ्या मालिका बुडायच्या. बरं, एवढं करून काढलं काय? घोटीजवळचं आमचं भाताचं शेत, करड्या चौकोनांचं. बांधावर एक बुजगावणं, डोक्यावर मडकं.

"शेवटी बुजगावणंच काढलंत ना!" मी चिडवायचे.

अप्पा नुसते हसायचे. "रंगीत मॉनिटर येऊ दे. मला हे एकदा रंगात बघायचंय."

मॉनिटर यायला वर्षं गेली. तेवढ्यात शुगरनं त्यांचे डोळे पोखरले. एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमधून मॉनिटर मिळाला, तोवर अप्पांना उजेड-अंधार एवढंच कळत होतं. तरी हट्ट तोच. "आजच जोड." मला भयंकर राग आला, त्यांचा नाही, नशिबाचा. मेलं दोन वर्षं आधी मिळालं असतं तर काय बिघडलं असतं?

प्लग काही जुळेना. मग अप्पा सांगतील तशा मी तारा सोलल्या, एकेक करून जोडल्या. अप्पांचे आकडे साठवलेली कॅसेट टेपमध्ये लावली, ती किंचाळली आणि चित्र आलं.

"अगं बाई! अप्पा, शेत लालभडक आलंय, आणि बुजगावणं हिरवं!" मला हसू फुटलं.

अप्पा हसले नाहीत. "लाल आणि हिरवी तार उलट जोडलीस. बदल. आणि ते बुजगावणं नाही. तुझी आई आहे. भाकरीची पाटी घेऊन बांधावर यायची, तशी."

आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. घरात तिचा एकच फोटो, तोही ब्लॅक अँड व्हाइट. आणि इतकी वर्षं या माणसानं एका शब्दानं सांगू नये?

तारा बदलल्या. शेत हिरवंगार झालं. बांधावर आई, लाल साडीत. नाक नाही, डोळे नाहीत, नुसते चौकोन.

"साडी लाल आली?"

"आली, अप्पा."

"कशी दिसते?"

"सुंदर," मी म्हणाले. खरंच दिसत होती.

अप्पांनी चाचपडत बोट पुढे केलं. ते काचेवर टेकलं, पण शेतात. मी त्यांचं मनगट धरलं आणि बोट हळूच साडीवर नेऊन ठेवलं.