सोनूबाईंच्या करारातली सातवी अट

सोनूबाई कांबळे लग्न होऊन चंदगडकडनं कोल्हापुरात आल्या, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. दवाखान्यात आयाची नोकरी करता करता त्यांनी भाड्याच्या सात खोल्या बदलल्या. कुठं आडनाव ऐकून खोली कालच गेली म्हणून सांगितलं, कुठं मालकीण न विचारता आत येऊन डब्यांची झाकणं उघडून बघायची. निवृत्तीच्या आधी त्यांनी स्वतःचं घर बांधलं. नवरा वारल्यावर वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या, तेव्हा त्या भाड्यानं द्यायचं त्यांनी ठरवलं.

सम्राट नावाचा एजंट छापील करार घेऊन आला. एकट्या बाईला खोली नाही, मांसाहार चालणार नाही, पाहुणे राहणार नाहीत. सोनूबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. माझ्या घरात दर रविवारी मटण शिजतं, मग ही अट कुणी घातली, असं त्यांनी विचारलं. सगळेच मालक अशी घालतात, म्हणाला तो. त्यांनी तो कागद त्याला परत दिला आणि स्वतः लिहायला बसल्या. टाकी भरली की मोटर बंद करायची, जिन्यात सामान ठेवायचं नाही, ओला कचरा वेगळा, खिळा ठोकायचा तर विचारून, मोठ्या आवाजात गाणी नकोत. सहावी अट दोघांना सारखी होती. भाडेकरूनं खोली सोडायची असो की मालकिणीनं सोडायला सांगायची असो, एक महिना आधी कळवायचं. जातधर्माचा आणि जेवणाचा उल्लेखच नव्हता.

तिसऱ्या दिवशी रुबीना आली. मूळची मलकापूरची, शाहूपुरीत चष्म्याच्या दुकानात कामाला, सोबत आई हाफिजा. दोन महिने ती खोली शोधत होती. तिनं सहा अटी दोनदा वाचल्या आणि सातवी मागितली. मालकिणीनं न विचारता वर यायचं नाही आणि दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवायची नाही.

सोनूबाईंना ते झोंबलं. "माझ्याच घरात मी विचारून यायचं व्हय?"

"घर तुमचंच हाय, मावशी," रुबीना म्हणाली. "पण राहणार आम्ही."

हाफिजानं लेकीचा हात दाबला. ही खोलीही गेली, असं तिला वाटलं. सोनूबाईंनी आत जाऊन चहा ठेवला. उकळी येईपर्यंत त्यांना डब्यांची झाकणं उघडणारी ती मालकीण दिसत राहिली. चहाबरोबर त्यांनी दोन्ही किल्ल्या आणल्या. सातवी अट लिहिली, फक्त पाणी गळलं किंवा गॅसचा वास आला तर हाक मारून येईन, एवढं त्यात घातलं.

बातमी गल्लीत पसरली. दुसऱ्या दिवशी शेजारचे गणपतराव गल्लीतल्या आणखी दोघांना घेऊन आले. गल्लीचं वळण बिघडतंय, म्हणाले, आमच्या पाहुण्यांतला एक इंजिनिअर पोरगा आहे, त्याला खोल्या द्या. शेवटी म्हणाले, निदान तुम्हाला तरी हे कळायला पाहिजे होतं.

तो 'तुम्हाला तरी' सोनूबाईंच्या बरोबर ध्यानात आला. "गणपतराव, ह्या जागेची मी बोलणी करत होतो तवा तुमी त्या मालकाकडं गेलता. ह्या बाईला जागा देऊ नका म्हणून सांगायला. त्यानं मला सगळं सांगितलं हाय." त्यांनी कागद आणि पेन पुढं सरकवलं. "आता काय म्हणायचं ते लेखी द्या. खाली नाव घाला."

कागदाला कुणी हात लावला नाही. पण करार नोंदवून देणाऱ्या सम्राटनं कच खाल्ली. करारासाठी अंगठ्याचे ठसे घ्यायला येतो म्हणाला आणि फोन बंद करून बसला. सोनूबाई मग रुबीनाला रिक्षात घालून शाहूपुरीत गेल्या, दुसरा एजंट गाठला आणि अकरा महिन्यांचा करार सात अटींसकट नोंदवून आल्या. हाफिजाची ट्रंक वर चढवायला त्यांनी स्वतः एका बाजूनं हात लावला. गणपतराव गॅलरीतनं बघत होते.

गल्लीतल्या दोन घरांनी त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं. मनाला लागलं, पण कारण विचारायला त्या कुणाचा उंबरा चढल्या नाहीत.

पावसाळ्यानंतर मागच्या गल्लीतली धोंडुबाई आली. तिचा घरमालक वाटेल तेव्हा दार उघडून आत शिरायचा. तिला तो सात अटींचा कागद हवा होता. सोनूबाईंनी झेरॉक्स काढून दिली. आठवड्याभरात त्या मालकाचा फोन आला. स्वतः मालकीण असून भाडेकरूंना फितवता, लाज वाटत नाही का, असं बरंच काही तो बोलला. सोनूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"या की घरी," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी बी एक झेरॉक्स काढून ठेवतो."