अल्यूशनच्या गवतातून कोण बोललं?

आधीच सांगतो, या ग्रुपवरचे निम्मे अनुभव मला बंडल वाटतात. पांढरी साडी, उलटे पाय... यार, जरा तरी नवीन काढा! मी नागपूरचा, राहतो टेक्सासात फ्रिस्कोला, सॉफ्टवेअरमध्ये आहे. असल्या भाकडकथांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीने मला अलास्काच्या टोकाला, अल्यूशन बेटांवर पिटाळलं. एका फिश प्लांटची सिस्टिम बसवायला. भिकार जागा! झाड औषधालाही नाही, सदा धुकं, आणि मासळीचा वास पार जॅकेटच्या अस्तरापर्यंत. परतीची फ्लाइट कॅन्सल झाली, तेव्हा मॅनेजरने टाइमपास म्हणून मला एका बोटीवर बसवून दिलं. ऐंशी ओलांडलेली ॲना नावाची आजी शेजारच्या बेटावर आपलं जन्मगाव बघायला चालली होती. महायुद्धात अमेरिकन सैन्याने ते अख्खं गाव उचलून दूरच्या छावणीत नेलं, ते परत वसलंच नाही. ॲना तेव्हा तान्ही. आई छावणीतच वारली. डोळे मिटायच्या आत एकदा गाव बघायचं, एवढंच तिचं म्हणणं.

गाव कसलं डोंबलाचं! कमरेएवढं गवत. यासाठी एवढी यातायात?

निघताना किनाऱ्यावर दोन छोट्या होड्या होत्या. पहिली बाकीच्यांना घेऊन बोटीकडे गेली. मी दुसरीत पाय टाकणार, तोच मागून बाईचा आवाज... स्वच्छ मराठीत — "कुठे चाललास?" वळलो, तर मागे नुसतं गवत.

निघताना कुणी 'कुठे' विचारलं, की आमच्या घरी परत फिरून बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. आईच्या या नियमाची मी आयुष्यभर टिंगल केली. तिथे मात्र मुकाट दगडावर बसलो आणि होडीवाल्याकडे पाणी मागितलं.

"आत्ता?" तो करवादला.

पिता पिता सहज विचारलं, "ॲना पहिल्या होडीतून गेली ना?"

"नाही. ती तुझ्यासोबत येणार होती ना?"

धावलो. गवतात पडली होती, पाय मुरगळलेला, ओठ निळे. हाक मारायचंही त्राण नव्हतं. बोटीवर गेल्यावर कळलंच असतं, म्हणाल. शहाणेच आहात! आम्ही बोटीवर पोचेपर्यंत धुकं असं उतरलं, की किनारा दिसेना. थंडीत ती संपलीच असती.

होडीत ती म्हणाली, "मी येतच होते. मागून आईने आमच्या भाषेत विचारलं, कुठे चाललीस? वळले आणि पडले."

"आईचा आवाज आठवतो तुम्हाला?"

"नाही. आज पहिल्यांदा ऐकला."

माझी आई? ठणठणीत आहे. त्या वेळी नागपुरात घोरत होती. वारा म्हणा, भास म्हणा... मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं, पटत नाही. हल्ली बायकोने मागून 'कुठे' विचारलं, की मी गाडीची किल्ली ठेवतो, बसतो, पाणी पितो. हसा खुशाल.