साहेब, वहाणा काढा

"कंदील विझवा! ब्लॅकआउट आहे!" वर कोणीतरी शिट्टी फुंकत ओरडत होतं आणि खाली खंदकात शेजारच्या सुमनचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझा खुबा मोडला होता. तिचं डोकं फुटलं होतं, खणणाऱ्यांनी तळाशी टाकून दिलेल्या पहारीवर. अंधारात काही दिसत नव्हतं. माझं लुगडं ओलं होत चाललं होतं, त्यावरून मला कळलं.

मग तिचा नवरा आला. फरशीवर पाट आपटावा तशी त्याची चाल होती, ती चाळीतल्या प्रत्येकाला न बघता ओळखू यायची. त्याने शिट्टीवाल्याच्या हातून विझवलेला कंदील हिसकावला आणि पुन्हा पेटवला.

"हवालदार, वरनं विमान बघेल ना!"

"बघू दे. कोणीतरी बघू दे."

सुमन इस्पितळात पोचायच्या आत गेली. बांगलादेशच्या लढाईचे दिवस होते. भांडुपवर एक बॉम्ब पडला नाही, एक गोळी आली नाही. आम्ही दोघी दिवेलागणीला नेहमीसारख्या जोडीने गल्लीच्या टोकाच्या संडासाला निघालो होतो, एवढंच.

तिच्या नवऱ्याला सगळे हवालदारच म्हणायचे. चीनच्या लढाईत बर्फात त्याच्या दोन्ही पायांची बोटं गेली. पातळ कॅनव्हासचे बूट घालून त्यांना वर चढवलं होतं. नंतर तो लष्करी इस्पितळात असताना कोणी मंत्री विचारपूस करायला आले. त्यांच्या पायांत आतून लोकर लावलेले जाड बूट. तेव्हापासून हवालदाराने पुढाऱ्याचं तोंड बघणं सोडलं. कुठेही सभा असो, त्याची नजर आधी खाली.

"वहिनी, भाषण काय ऐकता? पाय बघा त्याचे. चिखल आहे का?"

"नाही."

"मग आपल्या गल्लीतनं आलेला नाही तो."

चीनच्या लढाईच्या वेळी मी माझ्या कानातल्या कुड्या देशासाठी दिल्या होत्या. एकदा त्याला तसं सांगितलं, तर हसत सुटला. म्हणाला, "मला नाही पोचल्या. दोन कुड्यांचा एखादा मोजा तरी यायला हवा होता!" मला राग आला. मग मीही हसले.

तो लढाईला नावं ठेवायचा नाही. "देश माझा आहे, परत बोलावलं तर जाईन," म्हणायचा. "पण मला बूट न देणारा आणि तुम्हाला नळ न देणारा माणूस एकच, हे विसरू नका." सकाळी रंगाच्या कारखान्यात राखणीला निघताना सुमन त्याच्या बुटांच्या पुढच्या भागात चिंध्या कोंबून द्यायची, म्हणजे पाय पुढे घसरायचा नाही. ती गेल्यावर तो स्वतः कोंबायला लागला. त्याला ते कधी जमलं नाही. संध्याकाळी पायातून रक्त यायचं.

आता साहेबांबद्दल. साहेब आमचे नगरसेवक. आमच्या नळाचा अर्ज त्यांच्याकडे वर्षानुवर्षं पडून होता. पण लढाई लागताच त्यांना खंदक खणायचा हुरूप आला, आणि तोही बरोबर संडासाच्या वाटेवर आडवा. का? तर तिथे उभं राहिलं की फोटोत झेंडा आणि साहेबांच्या नावाची पाटी, दोन्ही येत होती.

हवालदार स्वतः जाऊन सांगून आला, "साहेब, ही बायकांची वाट आहे. खंदक टेकडीकडे घ्या."

"देशावर वेळ आलीय, हवालदार. थोडी गैरसोय सोसा."

त्याने मग खंदकावर एक रुंद फळी टाकली. आम्ही त्यावरून जायचो. सुमन गेली त्या दिवशी दुपारी, आम्ही सगळ्या कामावर असताना, साहेबांनी ती फळी काढायला लावली. दुसऱ्या दिवशी फोटो होता. फळीमुळे खंदक झाकला जात होता.

फोटो ठरल्याप्रमाणे निघाला. इस्पितळात पाय टांगून पडले होते तेव्हा मी तो पेपरात बघितला. हातात फावडं, तोंडभर हसू.

लढाई जिंकल्यावर साहेबांनी गल्लीत सभा घेतली. मंचावर सुमनचा हार घातलेला फोटो, पुढे समई. मला खुर्चीत घालून आणलं होतं. "आमची ही भगिनी देशासाठी शहीद झाली," साहेब बोलले आणि शाल-नारळ द्यायला हवालदाराला वर बोलावलं.

तो वर गेला. शालीला हात लावला नाही. खाली बघून म्हणाला, "साहेब, वहाणा काढा."

फोटोला नमस्कार करायचा असेल असं साहेबांना वाटलं. लोकांसमोर त्यांनी मोठ्या भक्तिभावाने त्या करकरीत कोल्हापुरी वहाणा काढल्या. हवालदाराने त्यांचं मनगट धरलं.

"नमस्काराची जागा इथे नाही. चला."

अनवाणी, खडीवरून, साऱ्या गल्लीदेखत त्याने त्यांना खंदकापाशी नेलं. खंदक अजून तसाच होता, आता गटाराच्या पाण्याने भरलेला.

"उतरा."

"हवालदार, शोभतं का हे?"

मी खुर्चीतून ओरडले, "उतरा की साहेब! थोडी गैरसोय सोसा!"

बाया हसल्या. त्या हसण्याने साहेब उतरले, हवालदाराला भिऊन नाही. कमरेपर्यंत घाण, पांढरं धोतर वर तरंगत होतं.

"फळी कोणी काढली?"

"पोरांनी..."

"कोणी काढली?"

"मी... मी सांगितलं काढायला."

"मोठ्याने."

त्यांनी मोठ्याने सांगितलं. हवालदाराने बोटसुद्धा उगारलं नाही. वळला, सुमनचा फोटो मंचावरून उचलला आणि घरी गेला. तुम्ही तिथे असतात तर तुम्हाला साहेबांची कीव आली असती कदाचित. मला आली नाही. अजून येत नाही.

पोलिसांनी हवालदाराला त्याच रात्री घरातून नेलं आणि मारलं. सुटून आला तोवर नोकरी गेली होती. खंदक मात्र लगेच बुजवला. पुढच्या निवडणुकीआधी नळही आला, त्यावर साहेबांचं नाव कोरलेली फरशी बसली, आणि साहेब पुन्हा निवडून आले. माझं मत त्यांना नव्हतं. बाकीच्यांचं होतं. पाणी मिळालं होतं ना.

हवालदार खोली सोडून साताऱ्याकडे गावी गेला. जाताना दारात उभा राहिला, म्हणाला, "वहिनी, येतो." आला नाही. तिथेच वारल्याचं त्याचा भाऊ सांगून गेला.

साहेब हल्ली मुलुंडला मुलाकडे असतात, खूप थकलेत असं ऐकते. सुमन गेली, हवालदार गेला. साहेब जिवंत आहेत. मी पण आहे.