वीरेंद्रचा फेकीचा हात

मले राग लवकर येते, हे अख्ख्या पांढुर्ण्याले माहीत आहे. मी भैय्याजी, शाळेत खेळ शिकवतो. वीस वर्षांत भालाफेकीचा एकच खरा पोट्टा भेटला, वीरेंद्र. नदीपलीकडच्या सावरगावचा. बाप नाही, माय, उषाबाई, संत्र्याच्या तोडणीले जाते. राज्य स्पर्धेत पहिल्या तिघांत आला का क्रीडा वसतिगृहात जागा पक्की होती. रोज सकाळी सायकलनं यायचा, भाला पुसून जागेवर ठेवायचा, कधी कुरकुर नाही.

आषाढात, आखाडीच्या सणाच्या सुमारास म्हणाला, "सर, हात मागं नेला का खांद्यात कटकन वाजते. आत खोल दुखते."

"तेल लाव बे," म्हटलं मी. संपलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची गोटमार, दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात ती जत्रा. जाम नदीच्या अलीकडून आम्ही, पलीकडून सावरगाव. मी दरवर्षी जातो, दगडही फेकतो, खोटं काहून बोलू? पण वीरेंद्रले बजावलं होतं, हात जपायचा, तू जायचं नाही. त्यानंतर मैदानात आला तर भाला नेहमीपेक्षा दहा मीटर आधीच पडला. माझं डोकंच फिरलं.

"गेलता नं गोटमारीत?"

"नाही सर, रामाकोन्याले मामाकडे होतो. खांदा पहिलेपासूनच दुखून राहिला, तुम्हाले सांगतलं होतं नं."

"सावरगावचा पोट्टा, अन् त्या दिवशी मामाकडे? मले येडा समजते काय बे!"

शिक्षा म्हणून रोज शंभर फेकी लावल्या. पंधरा दिवस. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी फेकायचा. मले वाटे, खोटं बोलल्याची लाज वाटून राहिली असंल.

मग एक दिवस भाला हातातून गळला, हात वर जाईना. नागपूरले नेलं. डॉक्टरांनी हात समोर, जरा आतल्या बाजूले धरायले लावला, अंगठा खाली, अन् वरून दाबलं. पोरगं कळवळलं. तळवा वर करून दाबलं तर दुखणं कमी. खांद्यात औषध सोडून एमआरआय काढला. खोबणीभोवती कूर्चेची कडा असते, तिले लॅब्रम म्हणतात. ती वरच्या बाजूनं फाटली होती, दंडाचा स्नायू जिथे चिकटते तिथेच.

मी घाईनं विचारलं, "दगड फेकून होते काय असं?"

"ही एका दिवसाची दुखापत नाही," डॉक्टर म्हणाले. "काही महिने चाललंय हे. तेव्हाच फेकणं थांबवून व्यायाम दिले असते, तर कदाचित ऑपरेशन टळलं असतं. दुखत असताना फेकत राहिला, म्हणून वाढलं." मग वीरेंद्रवर रागावले, "कोणाला सांगितलं का नाहीस रे?"

वीरेंद्रनं माझ्याकडे पाह्यलंही नाही. "चुकलं माझं," म्हणाला.

दोनदा सांगतलं होतं त्यानं, अन् मलेच. मी बाजूच्याच खुर्चीवर बसलो होतो. फक्त तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी नाही उघडलं.

ऑपरेशन झालं. स्पर्धा गेली, वसतिगृहातली जागा दुसऱ्याले गेली. भाला पहिल्यासारखा फेकंल का, डॉक्टर खात्री देत नाहीत.

परवा सावरगावले त्याच्या घरी गेलो. हात गळ्यात बांधून तो खाटेवर बसला होता. उषाबाईनं माझ्यापुढे चहा ठेवला अन् म्हणाली, "सर, या मुक्यानं तुम्हाले पहिलेच सांगतलं असतं, तर तुम्ही थांबवलं असतं नं याले?"

वीरेंद्र माझ्याकडे पाहून राहिला होता.

"हो," मी म्हटलं.